सातगोंडा : निपाणी परिसरातील एका पुरुषनामाचा इतिहास

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर व वायव्य भागातील निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, कागवाड व अथणी हे तालुके आणि त्यांना लागून असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील कागल, हातकणंगले व शिरोळ हे तालुके मिळून जो पट्टा होतो, त्यात पुरुषांच्या नावांचा एक असा गट रूढ आहे की तो उर्वरित मराठी मुलखात जवळजवळ आढळत नाही. नेमगोंडा, आदगोंडा, जिनगोंडा, बाळगोंडा, भीमगोंडा, रायगोंडा, पायगोंडा, देवगोंडा, सातगोंडा ही त्यांपैकी काही नावे होत. पुण्या-नागपूरकडील वाचकाला ‘गोंडा’ म्हटले की टोपीचा किंवा बैलाच्या झुलीचा गोंडा आठवतो, तर काहींना गोंड जमात आठवते. परंतु या नावांचा त्या दोहोंशी काही संबंध नाही. ही नावे मुख्यतः चतुर्थ जैन समाजात, म्हणजे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक येथील पिढीजात शेती करणाऱ्या दिगंबर जैन समाजात आढळतात, आणि शिवगोंडा, बसगोंडा, मलगोंडा ही त्यांची भावंडे लिंगायत घरांत आढळतात. या गटाचे ऐतिहासिक महत्त्व असे की गावगाड्यातील एका अधिकारपदाने येथे आडनावापाशी न थांबता थेट पाळण्यातल्या नावात प्रवेश केला, आणि ते पद ज्या शब्दाने ओळखले जाई त्या शब्दाचे जुने रूप, मूळ पद विस्मरणात गेल्यावरही, माणसांच्या नावांत जिवंत राहिले.

‘गोंडा’ हे ‘गावुंड’ या शब्दाचे रूपांतर आहे. गावुंड म्हणजे गावचा प्रमुख. राष्ट्रकूट आणि त्यांच्यानंतरच्या कल्याणी चालुक्यांच्या काळातील कन्नड शिलालेखांत हा शब्द इतक्या वेळा येतो की त्या काळच्या ग्रामव्यवस्थेचे कोणतेही वर्णन त्याला वगळून करता येत नाही. संस्कृत ताम्रपटांत साधारणपणे याच दर्जाच्या माणसासाठी ‘ग्रामकूट’ असा शब्द वापरलेला दिसतो. सारा गोळा करणे, गावाच्या वतीने राजदरबारी उभे राहणे, मंदिराला किंवा बस्तीला जमीन दान दिली गेली की तिच्या चतुःसीमांना साक्षी राहणे, ही गावुंडाची कामे होती. बस्ती हा जैन मंदिरासाठी या भागात आजही सर्रास वापरला जाणारा शब्द आहे. गुरे पळवून नेणाऱ्या टोळीशी लढताना किंवा गावाचे रक्षण करताना जे मारले गेले त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडांना वीरगळ म्हणतात, आणि कर्नाटकातील वीरगळांवरच्या लेखांतही गावुंडांचा उल्लेख वारंवार येतो. त्यामुळे हे पद केवळ वसुलीचे नव्हते, तर गावाची जबाबदारी अंगावर घेण्याचे होते, असेच मानावे लागते.

आजच्या बेळगाव परिसराचा बराच भाग दहाव्या ते तेराव्या शतकांत रट्ट घराण्याच्या सत्तेखाली होता. या घराण्याचे मूळ ठाणे सुगंधवर्ती म्हणजे आजचे सौंदत्ती हे असून पुढे वेणुग्राम म्हणजे बेळगाव ही त्यांची राजधानी झाली. रट्ट राजे जैन धर्माचे आश्रयदाते होते. चौथ्या कार्तवीर्याच्या कारकिर्दीतील १२०४ सालच्या दोन शिलालेखांत बेळगावातील रट्ट-जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद असून ती दाने शुभचंद्र भट्टारक या आचार्यांच्या हाती सोपवलेली आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही त्याच काळाची साक्ष देते. जैन बस्ती, तिला जोडलेली जमीन आणि त्या जमिनीचा कारभार पाहणारा गावप्रमुख असे हे त्रिकूट या भूमीत त्या काळापासून रुजलेले आहे. पुढे शेतकरी जैन घरांत गावुंड हे पद नावाचा भाग होऊन बसले, त्याची पार्श्वभूमी इतकी जुनी आहे.

या पदावर स्त्रियाही येत असत. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याच्या काळात, दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, नागरखंड-७० या विभागाचा नाळगावुंड म्हणजे विभागप्रमुख सत्तरस नागार्जुन मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी जक्कियब्बे हिच्याकडे तो अधिकार देण्यात आला. तिने कारभार समर्थपणे चालवला आणि अखेरीस बंदणिके येथील बस्तीत जाऊन सल्लेखना घेतली, म्हणजे जैन विधीनुसार अन्नपाणी क्रमाने सोडून देहत्याग केला, असे तेथील शिलालेख सांगतो. नावाच्या इतिहासात मात्र हा धागा पुढे आला नाही. गोंडा हे पद स्त्रियांच्या नावांत उतरले नाही, ते पुरुषांपुरतेच राहिले.

गावुंड या शब्दाचा प्रवास दक्षिणेकडे वेगळ्या रीतीने झाला. कन्नडमध्ये त्यातील अनुस्वार लोपला आणि गौड हे रूप स्थिरावले. तमिळ प्रदेशात कौंडर झाले. गोवा, तळकोकण व चंदगडकडील गावडा, तसेच गावडे हे आडनाव, ही याच कुळातील रूपे मानली जातात. भारताचे माजी पंतप्रधान देवेगौडा यांचे नाव आणि निपाणी भागातील एखाद्या शेतकऱ्याचे देवगोंडा हे नाव ही मुळात एकच होत, एवढे सांगितले म्हणजे या शब्दाचा पसारा ध्यानात येतो. मात्र दोहोंत एक फरक आहे आणि तो लहान नाही. म्हैसूरकडील गौड या रूपात जुन्या ‘ण्ड’मधील अनुनासिक उरलेले नाही, तर गोंडा या रूपात ते टिकले आहे. ज्या भागाला दोन्ही भाषांच्या कडेचा मुलूख म्हणून बाजूला टाकले जाते, त्याच भागाच्या बोलण्यात शिलालेखांच्या अधिक जवळचे रूप सापडावे, ही भाषाभ्यासकांनी आजवर दिले त्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट आहे.

अधिकारपदांची आडनावे होणे मराठीला नवे नाही. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस, सबनीस ही सारी आडनावे म्हणजे कधीकाळची पदे होत. पाटील हे आडनावही संस्कृत लेखांतील ‘पट्टकिल’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थही गावचा प्रमुख असाच आहे. आता पायगोंडा पाटील किंवा नेमगोंडा पाटील असे नाव पाहिले, तर त्यात तोच अधिकार दोनदा आला आहे असे दिसते: एकदा कन्नड परंपरेच्या शब्दाने नावात आणि एकदा मराठी परंपरेच्या शब्दाने आडनावात. त्यात मुंबई इलाख्याच्या दप्तरात रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे बापाचे नाव मधे आले, की सातगोंडा भीमगोंडा पाटील अशा एका पूर्ण नावात गावप्रमुखपद तीनदा उच्चारले जाते. वस्तुतः बोलणाऱ्याच्या मनात तेव्हा अधिकाराची भावना नसते. पद जेव्हा घराण्यात पिढ्यान् पिढ्या राहते, तेव्हा ते आधी मानाची उपाधी म्हणून नावाला चिकटते, मग उपाधी आणि नाव यांतील सांधा बुजतो, आणि शेवटी ज्याला पाटीलकीचा वाटा नाही अशा धाकट्या पातीच्या घरातही मुलाचे नाव त्याच धर्तीवर ठेवले जाते. गोंडा हे पद या तिसऱ्या अवस्थेला पोचले, म्हणूनच ते नाव झाले.

जपानमध्येही नेमके असेच घडले होते. तेथील पुरुषांच्या नावांत शेवटी येणारे ‘एमोन’ हे पद राजवाड्याच्या दारावरील रक्षकदलाच्या नावावरून आणि ‘सुके’ हे पद प्रांताधिकाऱ्याच्या दुय्यमाच्या हुद्द्यावरून आले; तोकुगावा राजवटीच्या काळापर्यंत शेतकरी आणि व्यापारीही अशी नावे सर्रास लावत होते. मेइजी सरकारने १८७० मध्ये जुनी प्रांतनामे व जुनी पदनामे व्यक्तिनामे म्हणून वापरण्यास मनाई केली. ती नावे त्यामुळे एकदम नाहीशी झाली नाहीत, परंतु ‘एमोन’ने संपणारी नावे आज तेथे जुन्या वळणाची आणि विरळ समजली जातात; मराठी मुलांच्या ओळखीच्या डोरेमॉन या पात्राच्या नावात तो अंत्यभाग उरला आहे. निपाणी भागात गोंडा या पदावर कोणी बंदी घातली नाही. तरीही परिणाम पुष्कळसा तोच झाला, आणि म्हणून त्याची कारणे हुकमात न शोधता घराघरांतील निवडीत शोधावी लागतात.

गोंडा या अंत्यपदापूर्वी जे पद येते त्यावरून घराची श्रद्धा कळते. नेमगोंडामध्ये नेमिनाथ, आदगोंडामध्ये आदिनाथ आणि शांतगोंडामध्ये शांतिनाथ हे तीर्थंकर आहेत, तर जिनगोंडामध्ये जिन हे सर्व तीर्थंकरांना लागू होणारे पद आहे. लिंगायत घरांतील शिवगोंडा, बसगोंडा ही नावे शिव आणि बसव यांच्यावरून आली. येथे एक भेद विशेष लक्षणीय आहे. प्राकृत भाषा व जैन वाङ्मय यांचे थोर संशोधक आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा जन्म १९०६ मध्ये चिकोडी तालुक्यातील सदलगा येथे झाला, आणि त्यांचे पूर्ण नाव आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये असे होते. उपाध्ये म्हणजे बस्तीतील पूजाअर्चा करणारे घराणे. ज्या तीर्थंकरांची नावे पुरोहिताच्या घरात आदिनाथ, नेमिनाथ अशी पूर्ण संस्कृत रूपात ठेवली जात, त्यांचीच नावे शेतकऱ्याच्या घरात आदगोंडा, नेमगोंडा होत. देव एक, गाव एक. पण एका घराचा मान ग्रंथावर उभा होता आणि दुसऱ्याचा जमिनीवर, आणि तो फरक नावातच नोंदला गेला आहे.

सातगोंडा या नावातील पहिले पद समजून घेण्यासाठी परिसरातील इतर नावांकडे पाहिले पाहिजे. सात्ताप्पा हे नाव कोल्हापूर-निपाणी भागात जैनांखेरीज मराठा व इतर समाजांतही रूढ आहे. वर उल्लेखिलेल्या जक्कियब्बेच्या पतीचे नाव सत्तरस असे होते. चालुक्य राजा सत्याश्रय याला कन्नड परंपरेत सत्तिग असेही म्हटले जाई, म्हणजे ‘सत्य’चे ‘सत्त’ होण्याची प्रक्रिया कन्नड नावांत हजार वर्षांपूर्वीच झालेली होती. या सर्वांचा एकत्र विचार केला असता सातगोंडा म्हणजे सत्यगावुंड, सत्याने वागणारा गावप्रमुख, हा अर्थ सर्वाधिक सयुक्तिक ठरतो. ‘सात’ या संख्येशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

निपाणी गावाशी आणखी दोन पुरुषनामांचा जवळचा संबंध आहे. निपाणीच्या दक्षिणेस पुणे-बंगळूर महामार्गावर तवंदीचा घाट लागतो, आणि तेथेच स्तवनिधी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. स्तवनिधीचे बोलीतील रूप तवनिधी. त्यावरून तवनाप्पा हे नाव ठेवले जाते. तेथील क्षेत्रपाल ब्रह्मदेवाचा, ज्याला ब्रह्मनाथ असेही म्हणतात, प्रभाव भरमा, भरमाप्पा, भरमगोंडा या नावांच्या प्रसारात दिसतो. याच स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, आणि या समाजातील आधुनिक शिक्षणाची वाटचाल त्या सभेने घडवली. नावे बदलण्यास जी विद्या कारणीभूत झाली तिची संघटित सुरुवात, तवनाप्पा हे नाव जेथून आले त्या स्थानीच व्हावी, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

सातगोंडा हे नाव इतिहासात ज्यांच्यामुळे राहिले ते विसाव्या शतकातील दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन करणारे आचार्य शांतिसागर होत. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेले भोज हे निपाणी भागातील गाव त्यांचे. जन्म मात्र १८७२ मध्ये जवळच्या येळगूळ या आजोळी झाला. वडिलांचे नाव भीमगोंडा पाटील, आईचे सत्यवती. आदगोंडा व देवगोंडा हे थोरले भाऊ आणि कुंभगोंडा हा धाकटा. म्हणजे एका घरातील चारही मुलगे आणि त्यांचे वडील अशी पाच नावे एकाच अंत्यपदाने संपणारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव या भागात किती स्वाभाविक होते याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे. घरची शेती होती, शिवाय कापडाचे दुकान होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सातगोंडाचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी लावून देण्यात आले, काही महिन्यांतच त्या बालवधूचा मृत्यू झाला, आणि पुन्हा विवाह करण्यास त्यांनी कायमचा नकार दिला.

आईवडिलांच्या पश्चात त्यांनी देवेंद्रकीर्ती यांच्याकडून उत्तूर येथे क्षुल्लक दीक्षा घेतली. क्षुल्लक म्हणजे मुनिपदाच्या अलीकडची, मोजकी वस्त्रे ठेवण्याची अवस्था. १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली आणि १९२४ मध्ये सांगलीजवळील समडोळी येथे त्यांना आचार्यपद देण्यात आले. पुढे त्यांनी पायी उत्तर भारतापर्यंत विहार केला, आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखनेने देह ठेवला. थोरले बंधू देवगोंडा यांनीही पुढे दीक्षा घेतली आणि ते वर्धमानसागर झाले. दीक्षेच्या वेळी घर, वस्त्र आणि केस यांबरोबर पूर्वीचे नावही सोडायचे असते. त्यामुळे ज्या पुरुषाच्या कीर्तीमुळे सातगोंडा हे नाव देशभर पोचू शकले असते, त्याची कीर्ती दुसऱ्याच नावाने पसरली. आणि त्यांच्या मोठेपणामुळे भोज-निपाणी भागात मुलांची नावे ठेवली गेली ती शांतिसागर या नावाकडे पाहून, शांतिनाथ, शांतिकुमार अशी. चरित्रकारांनी पूर्वाश्रमीचे नाव जपले हे खरे, पण हिंदी चरित्रांत ते ‘सातगौड़ा’ असे छापले गेले, आणि आज मराठी पुस्तकांतही पुष्कळदा तेच वाचायला मिळते.

कोठळीचे उदाहरणही याच मालिकेतील आहे. चिकोडी भागातील या गावी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेले बाळगोंडा पाटील हे पुढे आचार्य देशभूषण झाले. त्यांच्या वडिलांचे नाव चरित्रांतून सत्यगौडा असे दिलेले आढळते, आणि सातगोंडा या नावाचा वर दिलेला अर्थ त्यामुळे अधिक पक्का होतो. पश्चिम महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला मात्र या गटातील एकच नाव ओळखीचे असते आणि ते पायगोंडा हे होय. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे झाला, आणि त्यांचे वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीला होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाळा पुढे गावोगाव निघत गेल्या, त्यामुळे हे पितृनाम सातारा, सांगली, नगर या जिल्ह्यांतील लाखो मुलांच्या वाचनात आले. येथे बाप पायगोंडा आणि मुलगा भाऊराव असा बदल एकाच पिढीत झालेला आहे. ‘राव’ हीसुद्धा मूळची सन्मानाची उपाधीच, परंतु ती मराठा दरबारातून आलेली. गावुंडाची जागा रावाने घेतली, म्हणजे मान मिळवण्याचे केंद्र गावाच्या चावडीतून मोठ्या सत्तेकडे सरकले.

हे सरकणे निपाणीला नवे नव्हते. पेशवाईच्या उत्तरार्धात निपाणीवर अंमल असणारे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर हे इतिहासात आप्पा देसाई निपाणकर म्हणून प्रसिद्ध आहेत. सिद्धोजीराव या एका नावात सिद्ध हे या भागातील जुने दैवत, ‘जी’ हा आदराचा प्रत्यय आणि ‘राव’ ही उपाधी असे तीन थर आहेत, आणि वर हाक मारण्याचे नाव आप्पा, जे बाप या अर्थी कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत चालते. भाषांची सरमिसळ या सीमाभागात सामान्य रयतेपुरती नव्हती, ती वाड्यातही होती.

‘राव’च्या मागोमाग ‘साहेब’ आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अण्णासाहेब, बाळासाहेब, दादासाहेब, रावसाहेब ही मूळची आदरार्थी संबोधने थेट पाळण्यातली नावे झाली, आणि कोल्हापूर-निपाणी भागाने त्यांना आण्णासो, बाळासो, दादासो, बापूसो असे स्वतःचे लेखनरूपही दिले. एक पदनाम जाऊन दुसरे आले, एवढाच या बदलाचा अर्थ आहे. खरा विच्छेद त्यानंतर झाला. कागवाड भागातील शेडबाळ येथे १९२५ मध्ये कल्लाप्पा उपाध्ये यांच्या घरी जन्मलेल्या मुलाचे नाव सुरेंद्र ठेवले गेले. ते पुढे आचार्य विद्यानंद झाले. सदलगा येथे १९४६ मध्ये मल्लाप्पा अष्टगे यांच्या मुलाचे नाव विद्याधर ठेवले गेले. ते आचार्य विद्यासागर झाले. विद्याधर यांच्या भावांची नावे महावीर, अनंतनाथ, शांतिनाथ अशी होती. कल्लाप्पाचा सुरेंद्र आणि मल्लाप्पाचा विद्याधर ही दोन घरांची हकिकत नसून साऱ्या समाजाची आहे. बाप स्थानिक नावाचा आणि मुलगा ग्रंथातल्या नावाचा, ही गोष्ट १९२० ते १९५० या काळात बहुतेक घरांत घडली. पूर्वी जे रूप फक्त उपाध्यांच्या घरात असे ते आता शेतकऱ्याच्या घरातही आले, आणि शिक्षणाने जी समता आणली तिचा हा एक परिणाम आहे, हेही मान्य केले पाहिजे. पुढच्या पिढीत भरतेश, बाहुबली, भूपाल, तसेच तीर्थंकर शीतलनाथांवरून ठेवलेले शीतल हे पुरुषनाम रूढ झाले, जे ऐकून बाहेरचा माणूस आजही मुलीचे नाव समजतो. अलीकडे सम्मेदशिखर या जैन तीर्थावरून सम्मेद हे नाव पुष्कळ ऐकू येते.

नाव पुढे चालत राहण्याची या भागातील जुनी रीत अशी की आजोबा वारल्यावर नातवाला त्यांचे नाव द्यायचे. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही या नियमामुळे त्या नातवाला घरात आप्पा, अण्णा किंवा बाळू म्हणून हाक मारली जाई, आणि नेमगोंडा हे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात व जमिनीच्या उताऱ्यात राही. म्हणजे नाव तोंडात नसले तरी कागदावर पिढीआड परतत असे. ही रीत सुटली तेव्हा परतण्याची वाट बंद झाली. दरम्यान पदाचा आधारही गेला: म्हैसूर राज्याने १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत गावकामगारी रद्द केली आणि महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद मोडीत काढले. ज्या पिढीत पाटीलकी गेली त्याच पिढीत गोंडा नावे ठेवणे जवळपास थांबले. दोहोंचा कार्यकारणसंबंध सरळ नसला तरी घरातील वडिलधाऱ्या सत्तेचा जो अस्त झाला, त्याच्या या दोन बाजू आहेत.

लिपीच्या बदलाने त्यात भर घातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि सीमेच्या अलीकडील गावांचे दप्तर क्रमाक्रमाने कन्नडमध्ये येत गेले, तर पलीकडील शिरोळ-हातकणंगल्याचे मराठीत राहिले. घरात ज्याला नेमगोंडा म्हणत तो एका दप्तरात नेमगौड, दुसऱ्यात नेमगोंडा आणि इंग्रजी कागदावर याहून निराळा होऊ लागला. सीमाप्रश्नाच्या चर्चेत जिल्हे, तालुके, खेडी, लोकसंख्या यांची मोजदाद झाली, पण या नावांची दखल कोणी घेतली नाही. वास्तविक मराठी बोलणाऱ्या माणसाचे कन्नड मुळाचे नाव आणि कन्नड बोलणाऱ्या माणसाचे पाटील हे आडनाव, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असता या भूमीचा इतिहास कोणत्याही ठरावापेक्षा स्पष्ट दिसतो.

आज गोंडा नावे पाहायची तर ती बस्तीच्या भिंतीत बसवलेल्या देणगीदारांच्या संगमरवरी फरश्यांवर पाहावी लागतात. वरच्या, म्हणजे जुन्या ओळींत आदगोंडा, बाळगोंडा, जिनगोंडा अशी नावे. मधल्या ओळींत आण्णासो, रावसाहेब. आणि खालच्या, नव्या ओळींत महावीर, शीतल, सम्मेद असा क्रम अशा फरश्यांवर एका दृष्टिक्षेपात दिसू शकतो. लग्नपत्रिकांत ही नावे ‘कै.’ या अक्षरामागे येतात. नव्या बांधकामात जुन्या फरश्या काढून टाकल्या जातात, जनरल रजिस्टरांची पाने ठिसूळ होत चालली आहेत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांशिवाय या नावांचा घरगुती उच्चार कोणाला ठाऊक नाही.

म्हणून भोज, सदलगा, कोठळी, शेडबाळ, कुंभोज यांसारख्या गावांतील ज्या घरांत आजोबा किंवा पणजोबा गोंडा नावाचे होते, त्यांनी आपली वंशावळ लिहिताना ते नाव आप्पा किंवा अण्णा असे न आटपता, गौडा असे न सुधारता, घरात जसे म्हटले जाई तसेच, गाव आणि साल यांसह लिहून ठेवावे. बस्तीच्या पंचांनी जुनी फरशी काढण्यापूर्वी तिचा मजकूर उतरवून घ्यावा. आणि शाळांनी आपल्या सर्वांत जुन्या रजिस्टराची एक नक्कल करून ठेवावी.